बिनपाण्याची झाडं

"झाडापाशी बसायला माणूस लागतो का हो शिकवायला?" मी डॉक्टरांना विचारलं, आणि जरा मोठ्यानंच विचारलं. माझा आवाज मुळातच चढा. दिवसभर मोटारींच्या घरघरीत बोलायचं म्हणजे दुसरं काय होणार. त्यात त्या दिवशी पाराही चढलेला होता.

आई शेजारच्या स्टुलावर बसली होती. बोलणं तिच्याबद्दलच चाललं होतं, पण ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा एकदा खालीवर केले. रक्त बरोबर, लघवी बरोबर, हृदय बरोबर. "शरीराला काही नाही. त्यांनी मनाला लावून घेतलंय," ते म्हणाले. बारामतीतल्या एक मॅडम रविवारी सकाळी लोकांना फॉरेस्टात घेऊन जातात. हळूहळू चालायचं, झाडांजवळ बसायचं, गप्प राहायचं. लोकांना झोप लागायला लागते, जीव हलका होतो. पैसे काही घेत नाहीत.

"अहो, हिचा जन्म गेला रानात," मी म्हणालो.

"रानात कामाला जाण्यात गेला. नुसतं बसायला कधी गेल्यात का?"

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडलो. बाहेर आल्यावर पिकअपचं दार इतक्या जोरात आपटलं की आई दचकली. मग माझी मलाच लाज वाटली.

माझं जळोचीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांची जुनी तार काढायची, नवी भरायची. घर मात्र निमगाव केतकीला. तिथं आई-आबा, डाळिंबाची बाग आणि धाकटा भाऊ, त्याची बायको. मी थोरला, तो धाकला. आई आम्हाला हाकही तशीच मारायची. धाकला लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला होता. सकाळच्या शिफ्टला असला की चार-साडेचारला घरी यायचा, पायातले ते काळे, जड, पुढं लोखंड असलेले बूट उंबऱ्याबाहेर काढायचा आणि आत यायच्या आधी ओरडायचा, "आये, चा!" साखर त्याला भारी लागायची. आई म्हणायची, ह्याच्या चहात चमचा उभा राहतो.

गेल्या हिवाळ्यात, उसाचा हंगाम भरात असताना, तो दुपारच्या शिफ्टवरून रात्री परत येत होता. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं ना लाल कापड, ना रिफ्लेक्टर. पुढचं सांगत नाही. आमच्या भागात हे वाक्य एवढंच बोललं तरी पुरतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. राख नदीत न सोडता आपल्याच रानात खड्डा घेऊन त्यात घालायची आणि वर झाड लावायचं, असं आता आमच्याकडं बऱ्याच घरांत करतात. नदीही घाण होत नाही आणि माणूस आपल्या बांधावर राहतो. आम्हीही तेच केलं. घरासमोर, बागेच्या तोंडाला खड्डा घेतला. नर्सरीतनं केशर आंब्याचं कलम आणलं. गावातल्या एका जाणत्या माणसानं चार शब्द बोलून दाखवले. म्हणाले, "आई, रडू नका. तुमचा ल्योक कुठं ग्येला न्हाय. त्यो आता ह्या झाडाच्या रूपानं तुमच्या दारात उभा हाय."

असं बोलायची एक पद्धत असते. सगळ्यांनी माना हलवल्या. आईनं मात्र ते अक्षरशः खरं धरलं. ती रडलीच नाही. बायका येऊन गळ्यात पडायच्या, म्हणायच्या, "रडा वो, मोकळं व्हा," तर ही त्यांनाच गप्प करायची, "हळू बोला, त्यो झोपलाय." दुसऱ्या दिवसापासून त्या आंब्याला ती 'धाकला' म्हणायला लागली.

मग सुरू झालं पाणी.

आई उजाडायच्या आत तांब्या घेऊन जायची. आबा बागेकडं जाताना आधी तिथं थांबायचे आणि आळं काठोकाठ भरायचे. भावजय दुपारी, कुणी बघत नाही असं बघून, बादली न्यायची. प्रत्येकाला वाटायचं आपणच घालतोय. मी रविवारी जाणारा माणूस. मला वाटलं, आपण काय करावं? डाळिंबाच्या ठिबकची एक जास्तीची नळी ओढली आणि थेट त्याच्या बुडात सोडली. लाईट आली की मोटार आपोआप चालू होईल अशी सोय मीच करून दिलेली होती, त्यामुळं लाईट आली की डाळिंबाच्या आधी धाकला भिजायचा. पाहुणे यायचे ते नारळाचं पाणी, दूध, काय काय ओतून जायचे. आणि रोज चार-साडेचारला आई चहा करायची, कप घेऊन जायची आणि त्याच्या बुडात हळूच ओतायची. साखर जास्त घालून. गावात कुजबुज व्हायची की म्हातारीचं डोकं फिरलंय.

आता बघा. आम्ही डाळिंबवाली माणसं. बहार धरायचा तर बागेचं पाणी तोडावं लागतं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. एखाद्या गड्यानं पाण्याची एक पाळी जास्त दिली तर आबा त्याची सालटी काढायचे. "मुळ्या कुजवतो व्हय रं? बाग तुज्या बाची हाय का?" तेच आबा आंब्याचं आळं भरून मुकाट उभे राहायचे. सगळं कळत होतं सगळ्यांना. पण धाकल्याचं पाणी तोडायचं कुणी? कुणाची छाती होती?

पानं कडेनं पिवळी पडायला लागली. आबांनी मूठभर युरिया टाकला. शेजाऱ्यानं कसलीशी फवारणी सांगितली, तीही केली. आईनं पाणी वाढवलं. ती आता दिवसभर तिथंच पोतं टाकून बसायची. भाकरी तिथंच, तीही अर्धी, मग चतकोर. एक पान गळलं की हिचा एक घास कमी व्हायचा. चोळीतनं खांद्याची हाडं दिसायला लागली होती. माझ्या मनानं पक्कं घेतलं की हे झाड गेलं तर आई जाणार. झाड जायच्या आधी तिला त्याच्यापासून उठवायला पाहिजे होतं, आणि ते कसं उठवायचं ते मला कळत नव्हतं. म्हणून, त्या डॉक्टरवर कितीही तणतण केली तरी, मी त्या मॅडमना फोन लावला.

आई काही केल्या निघेना. "त्याला एकट्याला सोडून?" शेवटी आबा पोत्यावर जाऊन बसले. "मी बसतो त्याच्यापाशी. तू यीस्तवर उठत न्हाय. जा." तेव्हा कुठं ती पिकअपमध्ये चढली.

ते फॉरेस्ट म्हणजे इंदापूरच्या अंगाचं माळरान. कॅनॉलचं पाणी तिकडं गेलेलं नाही. हिवर, बाभळी, बोरी, मधूनच एखादा कडुलिंब. खाली सगळं वाळलेलं कुसळ. नशिबात असलं तर लांबवर हरणं दिसतात. चैत्र लागला होता, त्यामुळं निम्मी झाडं उघडीबोडकी. वन म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढं जे येतं त्यातलं तिथं काही नव्हतं. मी म्हटलं, झालं! बरं व्हायला आणलंय का आणखी खचायला?

मॅडम म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची पोरगी निघाली. अंगात सुती कुडता, डोक्याला रुमाल, हातात पितळेची बारकी घंटी. बाकी मंडळी थोडीच. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ, दोघी-तिघी बायका आणि लोणी देवकरच्याच दुसऱ्या एका कारखान्यातला सुपरवायझर, ज्याला म्हणे रात्र-रात्र झोप लागत नव्हती. घंटी वाजवून पोरगी म्हणाली, "आता मी तुम्हाला पहिलं आमंत्रण देते."

"कशाचं, जेवणाचं?" मी म्हणालो. कुणी हसलं नाही. पोरगी मात्र हसली, म्हणाली, "जेवण नाही काका, शेवटी चहा आहे." आमंत्रण असं होतं की पुढच्या त्या लिंबापर्यंत जायचं, पण इतकं सावकाश की पाऊल टेकलेलं कळलं पाहिजे.

आई पिकअपमधून खालीच उतरली नाही. पदर तोंडाला लावून बसून राहिली. मी दाराशी उभा, मनातल्या मनात डॉक्टरच्या नावानं शिव्या देत. माणसं आमच्यापुढनं सावकाश चालायला लागली. आणि काय झालं कुणास ठाऊक, आई एकदम उतरली आणि चालायला लागली. मला आधी वाटलं पोरीनं जादू केली. मग माझं लक्ष गेलं. त्या सुपरवायझरच्या पायात काळे, जड, पुढं लोखंड असलेले बूट होते. आई त्या बुटांकडं बघत, त्यांच्या मागोमाग एकेक पाऊल टाकत होती. लिंबापर्यंत गेली. तो थांबला की थांबायची, तो निघाला की निघायची. त्या माणसाला पत्ताही नव्हता. मी पिकअपच्या मागं गेलो आणि तोंड धुतलं.

तरी मी म्हटलं, चला, चालली तरी. घरी आलो तर आबा पोत्यावरच होते आणि आळं ताज्या पाण्यानं भरलेलं. आईनं वर आणखी तांब्याभर घातलं.

पुढच्या रविवारी एकेकानं एकेक झाड धरायचं होतं. त्याच्याजवळ बसायचं, त्याला हात लावायचा, मनातलं त्याच्याशी बोलायचं. आईच्या वाट्याला एक हिवर आला. वाट्याला कसला, तो सुपरवायझर ज्या बाभळीखाली बसला तिच्याजवळ तोच होता. एक पान नव्हतं अंगावर, नुसते काटे. सगळे आपापल्या झाडाशी पुटपुटत होते. बँकेचे गृहस्थ तर डोळे पुसत होते. आई नुसती बसून. तिचं बोलायचं झाड घरी होतं.

पोरगी तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली. "आजी, हे मेलंय असं वाटतं ना?" तिनं हिवराच्या एका काडीची साल नखानं जराशी खरवडली. आत हिरवं. "बघा. जिवंत आहे. वाट बघतंय."

आईनं हात पटकन पदरात घेतला. पोरीला वाटलं आजी लाजल्या. मला मात्र कळलं. साल खरवडून बघायचं काय आईला कुणी शिकवायचं होतं? अख्ख्या डाळिंबाच्या बागेत ती असंच बघत हिंडायची, हे गेलं, हे आहे. मात्र धाकल्याच्या अंगाला नख लावायची हिंमत घरात कुणी केली नव्हती. तिनंही नाही आणि मीही नाही.

तिसऱ्या खेपेला चहाचं निघालं. चहा तसा दर वेळी असायचा, पण आई तोवर पिकअपमध्ये जाऊन बसलेली असायची. त्या दिवशी ऊन लवकर चढलं म्हणून पोरीनं हिवराखालीच सगळ्यांना गोल बसवलं. गवती चहा उकळून आणला होता तिनं. कप मांडले, ओतले, आणि पहिला कप उचलून म्हणाली, "पहिला ह्यांचा." उठली आणि तो कप हिवराच्या बुडात हळूच ओतला.

आई उभी राहिली. चहाकडं बघतेय, बुडाकडं बघतेय, पोरीकडं बघतेय. तिच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. इतके दिवस गावानं जिला खुळी ठरवलं होतं, तेच एक शिकलेली पोरगी चारचौघांत करत होती.

"तूबी घालतीस व्हय, पोरी?" आई म्हणाली. इतक्या रविवारांत तिथं बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"हो आजी."

"रोज?"

"नाही, आठवड्याला एकदा. एवढाच, घोटभर. आठवण म्हणून."

"आन पाणी? पाणी कोण घालतं ह्यांना?"

"पाणी कुणीच घालत नाही. पाऊस येतो तेवढंच. आपण घातलं तर उलट त्यांची मुळं खाली जात नाहीत. जास्त झालं तर कुजतात."

पोरीचं काही चुकलं नाही. तिला आमच्या दारातल्या आंब्याचं मी सांगितलंच नव्हतं. तिनं जे खरं ते सांगितलं. आईनं तिच्या हातातला दुसरा कप घेतला नाही. ती परत खाली बसली आणि हिवराच्या बुडात ओल झिरपत होती तिकडं बघत राहिली.

परत येताना निम्म्या वाटेत ती म्हणाली, "थोरल्या, म्हंजी आपून त्याला बुडवला व्हय रं?"

"काय तरी बोलू नकोस!" मी ओरडलो. "उनाचं पिवळं पडलंय ते. नवीन कलमं पडत्यातच पिवळी. एवढं डाळिंब जगवलंस, तुला कळत न्हाय व्हय?" मी स्टिअरिंगवर हात आपटत बोलत होतो. धाकला गेल्यापासून मी तिच्यावर पहिल्यांदाच ओरडलो. तिला कळत होतं, आणि मला कळत होतं की तिला कळतंय.

पिकअप दारात थांबायच्या आत ती उतरली. आबा पोत्यावरनं उठले. आळं भरलेलं. "तुमी घातलं?" तिनं विचारलं. "ऊन लई हुतं," आबा म्हणाले. ती गुडघ्यावर बसली आणि नखानं साल खरवडली. वरच्या काडीला, तपकिरी. मधे, तपकिरी. मग पार बुडाला हात घातला तर सालच सुटून तिच्या हातात आली, ओली, बुळबुळीत. जळालेल्या मोटारीत मी दिवसभर नाक घालून बसतो, पण तो वास आला आणि मी मागं सरकलो. भावजय दारातनं बघत होती. तिनं आत जाऊन दार लावून घेतलं.

आबांनी खोडाला हात लावला मात्र, झाड अलगद वर आलं. जोर लावावाच लागला नाही. खाली मुळ्या काळ्याठिक्कर आणि खड्ड्यात पाणी. त्या पाण्यात काय काय होतं ते मी बघितलं नाही. आबांनी बघितलं असावं, कारण त्यांनी खांद्यावरचा टॉवेल खड्ड्यावर पसरला.

ते दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. मी दुकानाला कुलूप लावून निमगावातच राहिलो. आईनं अन्न सोडलं. पाणी दिलं तर तोंड फिरवायची, चमच्यानं बळंच पाजलं तरच चार घोट आत जायचे. पाण्याच्या तांब्याकडं बघायचीसुद्धा नाही. मी रात्रंदिवस तिच्या श्वासाकडं कान लावून पडायचो. आबांना वाटलं आपण काही तरी केलं पाहिजे. ते सायकलवर टांग टाकून नर्सरीत गेले आणि तसंच, तेवढंच, केशरचं कलम घेऊन आले. माती बदलू, म्हणाले, खाली वाळू घालू, पाण्याला मी कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याच जागी लावू.

आई घोंगडीवरनं उठून बसली.

"एकदा जाळला. एकदा बुडवला. आता सोडा की वो माझ्या लेकराला."

आबांनी कलम परसात नेऊन ठेवलं. ते तिथंच पिशवीत वाळलं. खड्डा मी आणि आबांनी मिळून बुजवला. मी जास्तीची नळी कापली आणि तिच्या तोंडाला गाठ मारली. एवढं काम करताना आम्ही बाप-लेक एकमेकांकडं बघितलं नाही.

रविवार आला. फॉरेस्टाचं नाव काढायची माझ्यात हिंमत नव्हती. कुठल्या तोंडानं म्हणणार, चल? तर उजाडायला ही चपला घालून पिकअपमध्ये जाऊन बसलेली. मी चावी फिरवली.

पोचल्यावर तिनं घंटीची वाट बघितली नाही, कुणाकडं बघितलं नाही. तरातरा त्या हिवराकडं गेली. एका आठवड्यात त्याला पालवी फुटली होती. बारीक बारीक, पोपटी. आई त्याच्यापुढं उभी राहिली, आणि मग तिनं जो आवाज काढला तो मी जन्मात ऐकला नव्हता.

"तुला कोण पाणी घालतं रं मेल्या? आं? कोण हाय तुजं? आई न्हाय, बाप न्हाय, दारात कुणी न्हाय तुज्या! तरी पालवी फुटतीया व्हय तुला? लाज न्हाय वाटत? माज्याला दूध घातलं, चा घातला, तळहातावर जपला. आन तू? कुणी इचारीना तुला, आन तू जगतूयास? मर की! तू का मरत न्हाईस? तुला काय धाड भरलीया जगायला?"

पायातली चप्पल काढली आणि फेकून मारली. मग दुसरी. मग मूठभर माती. काट्यांवर हात आपटायला लागली तेव्हा मी धावलो. पोरीनं माझा शर्ट मागनं धरला.

"काका, थांबा."

"सोड! आई हाय ती माझी!"

"म्हणूनच थांबा," ती म्हणाली. तिनं शर्ट सोडला नाही.

आई खाली बसली आणि रडली. धाकला गेल्यापासून न रडलेलं सगळं रडली. तोंडावर माती, नाकातनं पाणी, पदर कुठला कुठं. बँकेचे गृहस्थ पाठ करून उभे राहिले. शेवटी तो सुपरवायझर हलला. त्यानं इकडं पडलेली एक चप्पल उचलली, तिकडं पडलेली दुसरी उचलली आणि आणून आईच्या पायाशी जोडीनं ठेवली. ठेवायला वाकला तेव्हा आईनं त्याच्या बुटावर हात ठेवला. त्या पुढच्या लोखंडी भागावर. आणि तसाच ठेवला. तो माणूस पाय न हलवता उभा राहिला. त्याला आम्ही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ऊन चढलं, बाकीच्यांनी चहा घेतला, पोरीनं पहिला कप हिवराला ओतला, तरी तो उभाच होता.

मॅडमच्या त्या उपचारानं आई बरी झाली का, असं मला आता दुकानात लोक विचारतात. मी त्यांना सांगतो, बरी कशानं होणार? पोर परत येतंय का? त्या दिवशी घरी आल्यावर तिनं चतकोर भाकरी खाल्ली आणि वर पाणी प्यायली. माझ्यापुरतं तेवढं बास होतं.

भाकरी खाऊन ती आडवी झाली. मी ओट्यावर बसलो होतो, जळोचीला निघायचं होतं पण पाय निघत नव्हता. दुपार कलली. आतनं भांड्याचा आवाज आला. चार-साडेचार झाले असणार. आईनं चहा ठेवला होता. गाळला, कपात ओतला, साखर ढवळली, आणि रोजच्यासारखी कप घेऊन बाहेर निघाली. उंबऱ्याबाहेर आली आणि थांबली. समोर बुजवलेला खड्डा, वरची माती अजून ओली. ती कप हातात धरून तिथंच उभी. कपातनं वाफ निघत होती.

"थोरल्या," ती म्हणाली, "आता ह्यो कुठं वतू रं?"

मी उठलो आणि तिच्या हातातनं कप घेतला. मला शुगर आहे, मी बिनसाखरेचा पितो, हे तिला चांगलं ठाऊक आहे. चहा धाकल्याचा होता, गोडमिट्ट. उभ्या उभ्या सगळा प्यालो. तिनं रिकामा कप माझ्या हातातनं घेतला, आत नेऊन विसळला आणि पालथा घातला.